दुसरा प्रोसेसर दिसत नसेल तर

कंपन्यांनी काढून टाकलेली दोन झिऑनवाली वर्कस्टेशनं सेकंडहँडमध्ये परवडतात, म्हणून सांगली-साताऱ्यात लग्नाचे व्हिडिओ करणारे स्टुडिओ किंवा कुपवाड एमआयडीसीतले डिझाइनवाले ती घेतात. मग तक्रार येते: पैसे दोन प्रोसेसरचे मोजले, विंडोज दाखवतंय एकच. लगेच फॉरमॅट मारायला बसू नका.

आधी मोजणी नीट करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि 'सॉकेट्स' ही ओळ वाचा. 'कोअर्स'चा आकडा इथे कामाचा नाही. एकाच चिपमध्ये आठ कोअर असू शकतात. लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही कमांड द्या, तिथेही सॉकेटची ओळ येते. आकडा १ असेल तर मशीन रीस्टार्ट करून बायोसमध्ये जा. बायोसला दोन्ही दिसत असतील तर दोष विंडोजकडे. बायोसलाच एक दिसत असेल तर विंडोजमध्ये कितीही खाटखूट करा, उपयोग नाही. कॅबिनेट उघडावं लागेल.

विंडोजकडचा पहिला संशयित म्हणजे आवृत्ती. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे 'होम' लिहिलेलं असेल तर शोध तिथेच संपला. विंडोज १० आणि ११ ची होम आवृत्ती एकच सॉकेट वापरते, प्रो दोन वापरते. जुन्या सेव्हनमध्येही होम प्रीमियमला एक आणि प्रोफेशनलला दोन असाच हिशेब होता. प्रोची की विकत घेऊन टाका. डेटा जागेवर राहतो.

प्रो असूनही एकच? विंडोज-आर दाबून एमएसकॉन्फिग चालवा. बूट टॅबमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि तिथल्या 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'समोरची टिक काढून रीस्टार्ट करा. ही टिक लावली की पीसी पळतो असं सांगणारे ढिगाने भेटतात. खरं तर ती मर्यादा घालायची जागा आहे, वेग वाढवायची नव्हे. लिनक्समध्ये हाच उद्योग ग्रबच्या ओळीतला मॅक्ससीपीयूज किंवा नोएसएमपी करतो. तो शब्द काढा, ग्रब अपडेट करा.

आता कॅबिनेट. वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या, हात कॅबिनेटच्या पत्र्याला लावा. दुसऱ्या सॉकेटजवळ आठ पिनांची वेगळी पॉवर केबल लागते; ती बऱ्याचदा नुसती लोंबकळत असते. दुसऱ्या प्रोसेसरचे रॅम स्लॉटही वेगळे असतात, त्यांत निदान एक कांडी बसवा. एचपीच्या झेड६२० मध्ये तर दुसरा प्रोसेसर, त्याची रॅम आणि पंखा असं सगळंच वेगळ्या कार्डावर येतं. ते काढून पुन्हा घट्ट बसवा.

मग चिपवरचा नंबर वाचा. ई५-२६७० मधल्या डॅशनंतरचा २ म्हणजे दोन सॉकेटपर्यंत चालणारी. ई५-१६५० मधला १ म्हणजे एकटीच चालणारी. तिची जोडी कुठल्याच बोर्डावर जमणार नाही. दोन्ही चिप एकाच मॉडेलच्या घ्या.

सांगलीत एक जादा तपासणी कराच. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेलं मशीन पुसून विकलेलं असू शकतं. पॉवर सप्लायच्या जाळीतून बॅटरी मारा, आत गाळाचा थर दिसला तर पुढे खर्च करू नका. तसं काही नसेल तर हीटसिंक आणि त्याखालची चिप उचलून सॉकेटमधल्या बारीक पिना तिरक्या उजेडात बघा. एखादी वाकडी दिसली तर स्वतः सरळ करायला जाऊ नका. भिंग लावून काम करणाऱ्या कारागिराकडे द्या. हीटसिंक बसवताना पेस्ट नवी लावा.

सॉकेट्स २ दिसू लागले की एक मोठं रेंडर लावून दोन्हींचा भार बघा. ऑटोकॅडचं साधं ड्रॉइंग मात्र बहुतांशी एकाच कोअरवर चालतं. तेवढ्यासाठीच मशीन घेतलं असेल, तर दुसरा प्रोसेसर काढून ठेवलात तरी काम अडणार नाही, वीजबिल मात्र थोडं उतरेल.