डबी उलटी करून बघा

मायक्रोग्रीन्सची डबी घरात आली की आधी ती उलटी करून तळ बघा. मागच्या पावसाळ्यात बंगळुरूच्या येलहंका न्यू टाउनमधल्या आमच्या घरी मोहरी आणि मुळ्याच्या कोवळ्या पानांची अशीच एक डबी आली. 'धुतलेली आहेत, थेट खा' असं वर छापलेलं, पॅकिंगची तारीख कुठेच नाही. वरची पानं टवटवीत दिसत होती. आईने त्यातली मूठभर कोशिंबिरीत घालून खाल्ली आणि रात्री तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. उरलेली डबी ताटात ओतली तेव्हा झाकणाला आतून थेंब लागलेले दिसले, तळाचे देठ काचेसारखे पारदर्शक झालेले, पानं प्लॅस्टिकला चिकटून काळपट पडलेली, आणि त्याखाली आंबूस वास. आईचं पोट त्यानेच बिघडलं असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या आईला सलाईन लावलेलं पाहिलं, तेव्हापासून मी या पानांच्या बाबतीत अजिबात ढिलाई करत नाही.

कापल्यावरही ही पानं श्वास घेत असतात. पेरल्यापासून साधारण 7 ते 14 दिवसांत कापलेली ही रोपं फार नाजूक. श्वसनातून निघालेली वाफ बंद डबीत थेंब होऊन पुन्हा पानांवरच पडते आणि तिथून सड सुरू होते. म्हणून ठेवण्याआधी धुवायचं नाही, खायच्या वेळीच धुवायचं. ओली मिळाली तर सुती कापडावर पसरून पंख्याखाली पाणी सुकू द्या. मग डब्यात कोरडा टिश्यू घालून, पानं न दाबता मोकळी ठेवा, वरून आणखी एक टिश्यू. टिश्यू दमट लागला की बदला.

बंगळुरूची हवा थंड, तेव्हा डबा ओट्यावर राहिला तरी चालेल असं इथे बरेच जण समजतात. नाही चालत. या पानांना 4-5 अंश तापमान लागतं. फ्रीजच्या दारात तेवढा गारवा टिकत नाही, आणि डबा मागच्या भिंतीला टेकला तर पानं गोठून काळी पडतात. सफरचंद, केळी, टोमॅटो शेजारी नकोत, त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलिनने पानं पिवळी पडतात. वळवाच्या पावसात वीज 4 तासांहून जास्त गेली, तर डबा टाकून द्या. चिकट झालेल्यातली चांगली पानं निवडत बसू नका, धुऊन जंतू जात नाहीत.

2011 मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलायची साथ पसरली, 50 च्या आसपास माणसं गेली. मोड आपण मुळासकट खातो, मायक्रोग्रीन्स मुळाच्या वरून कापतो, त्यामुळे धोका कमी, पण खायचं कच्चंच. म्हातारी माणसं, गरोदर बायका, केमो चालू असलेले रुग्ण यांना कच्ची देऊच नयेत. आईसाठी मी ती उकळत्या आमटीत घालते. चव थोडी जाते, जाऊ दे.

खरं तर न कापलेला ट्रेच घरात ठेवावा आणि लागेल तेवढं स्वच्छ, कोरड्या कात्रीने कापावं. एका बाजूला जीकेव्हीकेचं कृषी विद्यापीठ, दुसरीकडे हेसरघट्ट्याची बागवानी संशोधन संस्था, त्यामुळे येलहंक्यात बियाणं मिळवायला अडचण नाही. मात्र शेतात पेरायच्या बियाण्याला बरेचदा बुरशीनाशक चोळलेलं असतं. गुलाबी किंवा निळसर रंग दिसला, तर ते ट्रेसाठी घेऊ नका. स्वयंपाकघरातली साधी मोहरी किंवा मेथी घ्या.