दृश्य अवधान आणि संगणक ग्राफिक्स : एका दुर्मिळ साधनाचे अर्थशास्त्र

साधने मर्यादित असतात व त्यांचे पर्यायी उपयोग अनेक असतात. अशा स्थितीत कराव्या लागणाऱ्या निवडीचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र होय. माहितीची विपुलता झाली की ती ग्रहण करणाऱ्याचे अवधान हेच दुर्मिळ साधन बनते, असे प्रतिपादन हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये केले. पुढे १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या विचाराचा प्रत्यक्ष उपयोग संगणक ग्राफिक्सच्या संशोधनात झालेला दिसतो.

दृष्टीची मर्यादा

मानवी डोळ्याला एका वेळी केवळ सुमारे दोन अंशांचे क्षेत्र पूर्ण तपशिलासह दिसते. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढेच हे क्षेत्र असते. म्हणून दृष्टी सेकंदाला साधारणपणे तीन वेळा जागा बदलते. ती कोठे स्थिरावेल हे दोन घटकांवर अवलंबून असते.

पहिला घटक दृश्यातील वेगळेपणाचा. लॉरेंट इट्टी, क्रिस्टॉफ कॉख व अर्न्स्ट नीबर यांनी १९९८ मध्ये रंग, तेजस्विता व रेषांची दिशा यांच्या आधारे लक्षवेधी जागांचा नकाशा तयार करणारे प्रारूप मांडले. दुसरा घटक पाहणाऱ्याच्या उद्दिष्टाचा. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी एकाच व्यक्तीला रेपिन यांचे एकच चित्र वेगवेगळे प्रश्न विचारून दाखविले. कुटुंबाची आर्थिक स्थिती विचारली असता दृष्टीचा मार्ग एक होता, तर व्यक्तींची वये विचारली असता तो वेगळा होता.

गणनशक्तीची काटकसर

संगणकावर वास्तवसदृश दृश्य निर्माण करण्याच्या प्रक्रियेस रेंडरिंग म्हणतात. भिंती, वस्तू व जमीन यांवरून वारंवार परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची गणना हा त्यातील सर्वांत खर्चिक भाग होय. हेक्टर यी, सुमंत पटनायक व डोनाल्ड ग्रीनबर्ग यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन या संदर्भात महत्त्वाचे ठरते. यांपैकी पटनायक यांनी पूर्वी मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत प्रकाशगणनेवर काम केले होते.

वेगाने सरकणाऱ्या वस्तूचा तपशील डोळ्याला कमी जाणवतो. तथापि, डोळा त्या वस्तूचा पाठलाग करू लागला की तोच तपशील पुन्हा स्पष्ट दिसतो. म्हणून या संशोधकांनी दृष्टीच्या संवेदनक्षमतेला अवधानाच्या प्रारूपाची जोड दिली व दृश्याच्या कोणत्या भागात किती त्रुटी खपून जाईल याचा नकाशा तयार केला. जेथे त्रुटी लक्षात येणार नाही, तेथे गणना कमी केली. परिणामी चलचित्रनिर्मितीचा वेग सुमारे दहापटीने वाढला. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर, जेथे गणनेची सीमांत उपयोगिता नगण्य आहे तेथील खर्च वाचविण्यात आला.

कर्स्टन केटर, अ‍ॅलन चामर्स व ग्रेग वॉर्ड यांनी २००३ मध्ये उद्दिष्टाचा घटक वापरला. दृश्यातील विशिष्ट वस्तू मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांना अन्य भागांची खालावलेली गुणवत्ता जाणवली नाही.

धोरणात्मक प्रश्न

आज नजरेचा मागोवा घेऊन केवळ पाहिल्या जाणाऱ्या भागाचेच सुस्पष्ट चित्रण करणारी आभासी वास्तवाची उपकरणे बाजारात आहेत. मात्र नजर कोठे जाते हे ज्ञात झाले, की ती कोठे जाऊ नये याचीही योजना करता येते. नको असलेली सेवा नाकारण्याचे बटण फिक्या रंगात व कोपऱ्यात ठेवणे हे त्याचे परिचित उदाहरण. येथे गणनेची बचत होत नाही. ग्राहकाच्या अवधानाच्या मर्यादेचा गैरफायदा घेतला जातो. ही माहितीच्या विषमतेपेक्षा वेगळी बाजारातील उणीव आहे, कारण माहिती पडद्यावर उपलब्ध असूनही ती दिसत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार नमूद केले आहेत. काही माहिती ठळक करून अन्य माहिती झाकोळणे हा त्यांपैकीच एक. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात व्यक्तीच्या संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. परंतु संमतीचा मजकूरच नजरेआड ठेवला गेल्यास ती संमती नाममात्र उरते. म्हणूनच माहिती जाहीर करणे पुरेसे नसून ती दिसेल अशा रीतीने मांडली जाणे, हा ग्राहक संरक्षणाचा निकष मानला गेला पाहिजे.