टास्कोची चांदी

उत्तर अमेरिका खंडाच्या दक्षिण भागात मेक्सिको हा देश आहे. चांदीच्या उत्पादनात त्याचा क्रमांक आजही जगात पहिला लागतो. मेक्सिकोच्या राजधानीपासून दक्षिणेकडे निघाले, की डोंगरांच्या कुशीत टास्को हे गाव लागते. येथे सपाट जागा जवळजवळ नाहीच. डोंगराच्या उतारावर एकीवर एक रचून ठेवल्यासारखी पांढऱ्या भिंतींची व तांबड्या कौलांची घरे, त्यांच्यामधून नागमोडी वळणे घेत चढणाऱ्या फरसबंद गल्ल्या, आणि या साऱ्यांच्या वर मान उंचावून उभे असलेले सांता प्रिस्काचे गुलाबी दगडाचे भव्य चर्च, असे या गावाचे रूप आहे. गल्लीगल्लीत चांदीच्या अलंकारांची दुकाने आहेत. टास्कोचे नाव आज जगभर घेतले जाते, ते या हाताने घडविलेल्या अलंकारांमुळेच.

परंतु ही कीर्ती फार जुनी नाही. टास्कोच्या खाणींचा इतिहास चारशे वर्षांहून अधिक जुना आहे. अलंकारांचा हा व्यवसाय मात्र अद्याप शंभर वर्षांचाही झालेला नाही. या दोन कालखंडांतील अंतर हीच टास्कोची खरी कथा होय.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकला आणि टास्कोच्या परिसरात खाणी सुरू केल्या. पुढे अठराव्या शतकात होसे दे ला बोर्दा या खाणमालकाला येथे चांदीची अतिशय समृद्ध शीर सापडली. त्याच्याच संपत्तीतून १७५१ ते १७५८ या काळात सांता प्रिस्काचे चर्च उभे राहिले. डोंगरातून निघालेली चांदी मात्र गावात राहत नसे. ती खेचरांच्या पाठीवरून बाहेर जाई, तिची नाणी पडत, आणि ती नाणी समुद्रापार पोहोचत. खाणीच्या काळोखात घाम गाळणाऱ्यांच्या वाट्याला केवळ श्रम येत. पुढे शिरा आटल्या, १८१० मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटले, खाणी ओस पडत गेल्या आणि गावाला अवकळा आली. ज्या गावाने जगाला चांदी पुरविली, त्या गावाची स्थिती दिव्याखालच्या अंधारासारखी झाली.

या गावात १९२९ साली एक तरुण अमेरिकन गृहस्थ राहावयास आला. त्याचे नाव विल्यम स्प्रॅटलिंग. त्याचा जन्म १९०० मधला. तो न्यू ऑर्लिन्स येथील टुलेन विद्यापीठात वास्तुकला शिकवीत असे. मेक्सिकोतील जुनी शिल्पे, मातीची भांडी, विणकाम आणि लोकजीवन यांची त्याला विलक्षण ओढ होती. त्या वेळी ड्वाइट मॉरो हे मेक्सिकोतील अमेरिकेचे राजदूत होते. इतकी चांदी देणाऱ्या या गावाने स्वतःसाठी तिचे काहीच केले नाही, अशी खंत त्यांनी स्प्रॅटलिंगजवळ बोलून दाखविल्याचे सांगतात. ती गोष्ट त्याच्या मनात रुजली.

स्प्रॅटलिंगला रेखाटन उत्तम येत असे. परंतु तो सोनार नव्हता. हातोडी कोणत्या कोनात पडावी, चांदी कोणत्या क्षणी विस्तवावरून काढावी, हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणून त्याने जवळच्या इग्वाला गावातील आर्तेमिओ नावार्रेते या कुशल सोनाराला बोलावून घेतले आणि १९३१ मध्ये टास्को येथे एक लहानशी कर्मशाळा उघडली. कल्पना एकाची आणि हात दुसऱ्याचा, असा तो आरंभ होता. हळूहळू गावातील मुले उमेदवारीसाठी येऊ लागली. प्रथम झाडलोट, मग कानस चालविणे, मग झाळकाम, अशा पायऱ्या चढत चढत ती कारागीर बनू लागली.

आता प्रश्न होता, घडवावयाचे काय? युरोपातील नमुने बाजारात रूढ होते. त्यांची नक्कल करणे सोपे होते. स्प्रॅटलिंगने ती वाट नाकारली. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी मेक्सिकोत ज्या प्राचीन संस्कृती नांदल्या, त्यांच्या दगडी शिल्पांतील सर्प व जॅग्वार, मातीच्या ठशांवरील भूमितीच्या आकृत्या, यांचा त्याने बारकाईने अभ्यास केला. खेड्यातील दोर, चामड्याचे पट्टे, बियांच्या माळा यांतही त्याला आकार दिसले. मात्र त्याने जुने जसेच्या तसे उतरविले नाही. अनावश्यक रेषा गाळून त्यांतील जोम तेवढा राखला. रेखीव, भरीव व ठसठशीत असे हे अलंकार जुन्या परंपरेतून जन्मले होते, तरी ते आधुनिक दिसत. चांदीच्या जोडीला त्याने जांभळा स्फटिक, काळी ज्वालाकाच, सुगंधी शिसवी लाकूड अशी साधीच द्रव्ये वापरली. अलंकाराचे मोल त्यातील खड्यांच्या किमतीवर नव्हे, तर त्याच्या घडणीवर ठरावे, हा त्यामागील विचार होता.

कागदावरील रेषा आणि हातातील दागिना यांच्यामध्ये मोठे अंतर असते. शुद्ध चांदी फार मऊ असते. नित्य वापरात ती वाकते व झिजते. म्हणून १००० भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग बहुधा तांबे, असे मिश्रण करतात. दागिन्याच्या मागे ९२५ हा आकडा कोरलेला असतो, त्याचा अर्थ हाच. मुशीत ही धातू वितळवून तिची लगड ओततात. लगड ठोकून पत्रा करतात किंवा जंत्रीच्या क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून तार काढतात. ठोकता ठोकता चांदी कठीण होत जाते, आणि तशीच ठोकीत राहिले तर तडकते. म्हणून मधूनमधून ती मंद लाली येईपर्यंत तापवून पुन्हा नरम करावी लागते. जणू काम करून थकलेल्या धातूला विसावाच द्यावा लागतो.

पत्र्यावर आकृती रेखून ती बारीक दात्यांच्या करवतीने कापतात. उठाव हवा असेल तर पत्रा राळेच्या थरावर बसवून मागील बाजूने ठोकतात. यानंतर येते ते झाळकाम. जोडावयाच्या भागांवर टाकणखार लावून कमी उष्णतेला वितळणारे झाळण त्यांच्यामध्ये ठेवतात. सर्व धातूंमध्ये चांदी ही उष्णतेची सर्वोत्तम वाहक आहे. एक कोपरा तापविला तर सारा दागिना तापतो. त्यामुळे दुसरा सांधा जोडताना पहिला सुटण्याचे भय असते. यास्तव पहिल्या सांध्याला अधिक उष्णतेवर वितळणारे झाळण आणि पुढच्यांना क्रमाने कमी उष्णतेवर वितळणारे झाळण वापरतात. थोडा उशीर झाला, तर कित्येक तासांचे काम डोळ्यांदेखत वितळून जाते. शेवटी दागिना सौम्य आम्लात उजळतात, खोलगट भाग गंधकयुक्त द्रावणाने काळवंडू देतात आणि वरचे भाग घासून चकचकीत करतात. त्या छायेमुळेच नक्षी उठून दिसते.

या सर्व काळात आराखडा करणाऱ्याने कारागिराचे ऐकावे लागते. कागदावर सुंदर दिसणारी पदकपीन वरून जड असली, तर वस्त्रावर मान टाकते. कंकणाची धार तीक्ष्ण राहिली, तर ती मनगटाला बोचते. अलंकार हा भिंतीवर टांगावयाचा नसून अंगावर वागवावयाचा असतो, ही गोष्ट रेषेपेक्षा हाताला अधिक कळते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातून अमेरिकेत जाणारा माल थांबला आणि टास्कोच्या अलंकारांना अमेरिकेतील मोठ्या दुकानांकडून मागणी येऊ लागली. लहानशा कर्मशाळेत आता शेकडो माणसे काम करू लागली. परंतु महायुद्ध संपताच ही भरभराट ओसरली आणि स्प्रॅटलिंगची कंपनी बुडाली. सामान्यतः अशा वेळी सारा व्यवसायच लयास जावयाचा. टास्कोत तसे घडले नाही. याचे कारण असे, की स्प्रॅटलिंगच्या हाताखाली तयार झालेले कित्येक कारागीर त्यापूर्वीच बाहेर पडून स्वतःच्या कर्मशाळा चालवू लागले होते. हेक्तोर आगिलार, कास्तियो बंधू, अंतोनिओ पिनेदा ही त्यांतील काही नावे. कास्तियो बंधूंनी चांदी, तांबे व पितळ एकाच पृष्ठावर जोडण्याची कला नावारूपास आणली. टास्कोतच जन्मलेल्या पिनेदाने चांदीत रत्ने बसविण्यात असामान्य कौशल्य मिळविले. प्रत्येकाची घडण निराळी होती. गुरूच्या आराखड्यांची ती केवळ आवृत्ती नव्हती. मूळ वृक्ष वादळात मोडला. परंतु त्याच्या बिया आधीच रुजल्या होत्या.

स्प्रॅटलिंग पुढे टास्कोजवळील आपल्या मळ्यावर मोजक्या कारागिरांसह अखेरपर्यंत काम करीत राहिला. १९६७ मध्ये मोटार अपघातात त्याचे निधन झाले. त्याने जमविलेल्या प्राचीन वस्तूंचे संग्रहालय टास्को येथे आहे. दर वर्षाच्या अखेरीस गावात चांदीचा राष्ट्रीय मेळा भरतो. यंत्रावर भराभर निघणाऱ्या स्वस्त दागिन्यांशी आज तेथील हस्तकारागिरांना सामना द्यावा लागतो. यंत्र एकाच ठशाचे सहस्र दागिने अल्पावधीत काढते. हाताने घडविलेल्या दागिन्यास दिवस लागतात, आणि त्या दिवसांचे मोल देणारा ग्राहक मिळेलच असे नाही. म्हणून घडविणाऱ्याच्या कौशल्याइतकीच विकत घेणाऱ्याची पारखही या कलेला आवश्यक आहे.

टास्कोच्या डोंगरातील चांदी शतकानुशतके निघत होती; तरी तिने गावाला स्थिर वैभव दिले नाही. ज्या दिवशी त्या धातूला कल्पनेची व कसबी हातांची जोड मिळाली, त्या दिवसापासून गावाचे भाग्य पालटले. भूमीतील धन उपसले की संपते. हातातील विद्या मात्र दुसऱ्यास दिल्याने वाढतच जाते.

स्वाध्याय

१. चांदीच्या खाणी असूनही टास्को गावाला अवकळा का आली?
२. स्प्रॅटलिंगने युरोपातील नमुन्यांची नक्कल का केली नसावी? त्याने आकार कोठून घेतले?
३. कारणे द्या : (अ) शुद्ध चांदीत तांबे मिसळतात. (आ) ठोकताना चांदी मधूनमधून तापवावी लागते. (इ) निरनिराळ्या सांध्यांना निरनिराळे झाळण वापरतात.
४. ‘मूळ वृक्ष वादळात मोडला, परंतु त्याच्या बिया आधीच रुजल्या होत्या.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. तुमच्या गावातील एखाद्या सोनाराच्या, कुंभाराच्या किंवा विणकराच्या कामाचे निरीक्षण करा आणि त्या कामाच्या पायऱ्या क्रमाने लिहा.