दम्याचा झटका आणि सुईचा आग्रह

आम्हा दमेकऱ्यांच्या घरांत एक समजूत घट्ट बसली आहे: पंप हे किरकोळ औषध, खरा झटका आला की सुईच हवी. धाप वाढत असताना दवाखाना उघडण्याची वाट पाहिली जाते ती याच समजुतीपायी. माझे म्हणणे नेमके उलट आहे. झटक्यात श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि आतले अस्तर सुजते. पंपातले सालब्युटामॉल थेट तिथे पोहोचते आणि काही मिनिटांत स्नायू सैल करते. उलट, शिरेतून देतात त्या ॲमिनोफायलीनच्या प्रौढांवरील चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला, तेव्हा श्वासातून घेतलेल्या औषधाला त्याची जोड देऊन श्वासनळ्या अधिक मोकळ्या झाल्याचे दिसले नाही. उलट्या आणि हृदयाचे अनियमित ठोके मात्र वाढले. आपल्याकडे सर्रास टोचले जाणारे डेरिफायलीन त्याच कुळातले. ‘जीना’ ही जागतिक मार्गदर्शिका सांगते ते असे: १०० मायक्रोग्रॅमचे ४ ते १० फवारे, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) एकेक करून, दर २० मिनिटांनी, पहिला तासभर. नेब्युलायझरची वाफ जास्त जोरकस, असे कुणी म्हणेल. पण जिवावर न बेतलेल्या झटक्यात स्पेसर तितकाच गुण देतो.

पंपाची सवय लागते, हा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो. वारंवार पंप लागणे म्हणजे व्यसन नव्हे. आतली सूज आटोक्यात नाही, याची ती खूण आहे. सूज उतरवतात स्टिरॉइड, आणि तिथेही लोक बिचकतात. वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्यांची भीती रास्त आहे. पण डॉक्टरांनी दिलेले ४० ते ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन ५ ते ७ दिवस घेणे ही वेगळी गोष्ट. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवावे, एवढेच. गोळीचा गुण यायला काही तास लागतात, म्हणून ती लवकर सुरू व्हायला हवी.

तरीही केवळ पंपावर विसंबून घरी थांबू नये. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले ४५ टक्के रुग्ण वैद्यकीय मदत मागण्याआधी किंवा ती मिळण्याआधीच गेले होते. ऑक्सिजन, इप्राट्रोपियमची वाफ, गरज पडल्यास शिरेतून मॅग्नेशियम हे सारे रुग्णालयातच मिळते. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल, किंवा धाप तशीच असून छातीतली शिट्टी बंद झाली असेल, तर १०८ ला फोन करा आणि वाटेतही फवारे चालू ठेवा.