माडाच्या सावलीत धिंगरी

पाऊस उघडला की उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यावर मासळी सुकवायच्या वलांड्या उभ्या राहतात आणि बोंबील सुकू लागतात. त्याच सुमारास भात झोडून झालेला असतो, नवा पेंढा हाताशी असतो आणि माडांखालची सावली नुसती पडून असते. ऑक्टोबर सरता सरता पेंढा आणि सावली या दोहोंचा मेळ घालून धिंगरी अळिंबी लावावी. नवा माड फळायला पाच-सात वर्षं लागतात. धिंगरी मात्र महिन्याभरात तोडणीला येते.

वाडीतच झापांनी शाकारलेली खोपटी पुरे. आतून गोणपाट लावून ते ओलं ठेवायचं. तापमान २० ते ३० अंश आणि हवेत ८० टक्क्यांच्या आसपास ओलावा हवा, म्हणून दुपारच्या उकाड्यात गोणपाटावर पाणी मारणं चुकवू नका.

सगळा खेळ पेंढ्याचा आहे. मागच्या वर्षीचा, पावसात भिजून काळा पडलेला पेंढा फुकट मिळाला तरी घेऊ नये. नव्या पेंढ्याचे दोन-तीन इंचांचे तुकडे करून पोत्यात भरा आणि रात्रभर भिजवा, मात्र गोड्या पाण्यात. मचूळ विहिरीचं पाणी नको. सकाळी ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून निथळा. मग मूठभर पेंढा घट्ट आवळून पाहा. तळवा ओला व्हावा, पण थेंब पडू नये. थेंब पडला तर आणखी निथळू द्या. इथे घाई केली की पिशव्या नासतात.

ओल्या पेंढ्याच्या दोन टक्के बियाणं थराथराने पेरून पिशव्या भरा, भोकं पाडा आणि अंधारात ठेवा. पंधरा-वीस दिवसांत पांढऱ्या बुरशीने पेंढा बांधला जातो. मग प्लास्टिक कापून ते गठ्ठे टांगायचे आणि दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी फवारायचं. छत्रीची कड वळायच्या आत पिळून तोडा. हिरवी बुरशी दिसली तर ती पिशवी तिथे न उघडता वाडीबाहेर न्या. पहिल्या खेपेला वीसच पिशव्या घ्या, हे आमचं आग्रहाचं सांगणं.

माडांपलीकडे उताराची जागा असेल तर तिथे काजू लावावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला संशोधन केंद्राची वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं कोकणात रुळलेली आहेत. सात बाय सात मीटरवर आखणी आत्ताच करा, लागवड पावसाच्या तोंडावर. जुन्या काजूला पालवी फुटताना ढेकण्या किडीवर फवारणी करावी लागते. खोपटी त्या झाडांपासून लांब बांधा, विषाचा तुषार अळिंबीवर नको.

धिंगरीच्या तीन तोडण्या झाल्या की उरलेला पेंढा कुजवून माडाच्या आळ्यात घाला.

ताजी धिंगरी एक-दोन दिवसांत मऊ पडते, तेव्हा गिऱ्हाईक आधी ठरवून मगच तोडा. उरली तर कडक उन्हात वाळवा, पण बोंबलांच्या वाऱ्याला नको. तो वास धिंगरी असा धरून ठेवते, की मग शाकाहारी गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.