पाट्याच्या सुरीला पाणी कसे द्यावे?

प्रश्न : ट्रकच्या जुन्या पाट्यापासून घरी भाजीची सुरी केली. पहिलीची धार लगेच वळली, दुसरीचे पाते पाण्यात बुडवताच तडकले. काय चुकते?
– एक वाचक, लातूर

उत्तर : पोलाद चांगले निवडलेत, त्यात सुमारे 0.6 टक्के कार्बन असतो. चूक पाणी देण्यात आहे. पहिले पाते पुरेसे तापले नसावे. साधारण 770 अंश सेल्सिअसला लाल पात्याला चुंबक चिकटेनासे होते. त्याहून थोडे अधिक तापवा आणि कोमट शेंगदाणा तेलात बुडवा. ‘पाणी देणे’ म्हणतात खरे, पण या पोलादाला तेलच मानवते. भडका उडू शकतो, म्हणून लोखंडी भांडे, झाकण आणि मोकळी जागा हवीच. मग लगेच ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास ठेवा, निवू द्या, पुन्हा तेवढेच. ही पायरी गाळली तर पाते काचेसारखे ठिसूळ राहते. वापरलेल्या पाट्यात बारीक भेगा असू शकतात, त्यामुळे कोरा तुकडा मिळाला तर उत्तम. मुठीला बाभूळ, वर जवसाचे तेल.

तापलेल्या लोखंडाचा रंग ओळखायची नजर मात्र वाचून येत नाही. विळे-खुरपी घडवणाऱ्या घिसाड्यांच्या भात्याजवळ एक सकाळ बसा, आणि त्यांच्या वेळेचे पैसे जरूर द्या.