शब्दाचा धडा : लेव्ही म्हणजे आकारणी, वसुली की जप्ती?



'लेव्ही' हा शब्द ठाऊक नाही असा ऊस उत्पादक शोधून सापडायचा नाही. लेव्हीची साखर म्हणजे रेशनची साखर, हे जुन्या मंडळींना पाठच आहे. पण हाच शब्द कराच्या कागदात येतो, माथाडी मंडळाच्या हिशेबात येतो आणि इंग्रजी कायद्याच्या भाषेत जप्तीच्या अर्थानेही येतो. अर्थ नीट न कळल्यामुळे कोणी उगीच घाबरतो, तर कोणी महत्त्वाचा कागद फळीवर टाकून देतो. म्हणून हा छोटा धडा.

मूळ अर्थ. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मुळात अर्थ 'उचलणे'. आपण ज्याला लिव्हर म्हणतो तो शब्दही त्याच मुळाचा. राजाने कर उचलला तरी लेव्ही आणि फौजेसाठी माणसे उचलली तरीही लेव्ही. आपल्याकडे 'उचल' सभासद घेतो, तोडणी मजूर घेतो, आणि ती पुढे फेडावी लागते. लेव्हीत उचल घेणारे सरकार असते आणि ती परत मिळत नाही, एवढाच फरक!

पहिला अर्थ : आकारणी. कर बसवणे म्हणजे लेव्ही करणे. कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही आणि गोळाही करता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेचे कलम २६५ सांगते. बसवणे आणि गोळा करणे अशी दोन कामे तिथे वेगळी धरली आहेत. घरपट्टीचे उदाहरण घ्या. ग्रामपंचायत आधी आकारणीची यादी लावते व हरकती मागवते. वसुली त्यानंतरची. आकडा चुकला असेल तर बोलायची वेळ आकारणीची आहे. यादी लागली तेव्हा गप्प बसायचे आणि वसुलीला माणूस दारात आल्यावर भांडायचे, यात आपलेच नुकसान.

दुसरा अर्थ : सक्तीची खरेदी. साखरेची लेव्ही हा कर नव्हता. १९६७-६८ च्या हंगामापासून कारखान्याच्या साखरेपैकी ६० टक्के साखर सरकार ठरवील त्या भावाने द्यायची आणि ४० टक्के खुल्या बाजारात विकायची, अशी पद्धत सुरू झाली. १९७८ मध्ये नियंत्रण उठले. १९७९ च्या डिसेंबरात लेव्ही परत आली ती ६५ टक्क्यांची. पुढे प्रमाण घटत २००२ मध्ये १० टक्क्यांवर आले. शेवटी २०१३ मध्ये केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१२ पासूनच्या उत्पादनावरची लेव्ही रद्द केली. लेव्हीचा भाव बहुधा बाजारापेक्षा कमी असे. तो फरक कारखान्याच्या उत्पन्नातून जाई, म्हणजे शेवटी उसाच्या भावातून. कागदावर कर नाही, पण भार मात्र आपल्यावर! सत्तरच्या दशकातली ज्वारीची लेव्हीही याच जातीची.

तिसरा अर्थ : जप्ती. इंग्रजी कायद्याच्या भाषेत थकबाकीपोटी मालमत्ता ताब्यात घेणे, यालाही लेव्हीच म्हणतात. अमेरिकेत कर खाते थकबाकीदाराच्या बँक खात्यातले पैसे काढून घेते ती लेव्ही. नुसता हक्क नोंदवते तो लीन. आपल्या भाषेत लीन म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा. बोजा चढला म्हणजे जमीन गेली असे नव्हे. जप्ती ही पुढची पायरी, आणि लिलाव त्याच्याही पुढची. आपल्याकडच्या इंग्रजी नोटिशीत जप्तीसाठी बहुधा 'अटॅचमेंट' हा शब्द असतो, तोही ओळखून ठेवा.

जप्तीलाही मर्यादा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, तसेच शेतकऱ्याची अवजारे आणि पोटापाण्यापुरती लागणारी जनावरे व बियाणे जप्त करता येत नाहीत. तो राहतो त्या घरालाही संरक्षण आहे. मात्र जे आपण होऊन तारण लिहून दिले, त्याची गोष्ट वेगळी.

हे शस्त्र दुधारी आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कोणत्याही कारखान्याने पैसे थकवले तर साखर आयुक्त वसुलीचा दाखला काढतात. आपण ज्याला 'आरआरसी' म्हणतो, तो हाच. मग जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करतात. त्यात कारखान्याची साखरही जप्त होऊ शकते. सोसायटीच्या कर्जासाठी सभासदावर निघणारा १०१ चा दाखलाही याच वाटेने वसूल होतो. म्हणजे कायदा थकबाकी पाहतो. ती सभासदाची की कारखान्याची, हे पाहत नाही.

तेव्हा कोणताही कागद हाती आला की तीन गोष्टी विचारा : कागद कोणाचा? कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली? आणि पायरी कोणती, आकारणी, मागणी, जप्ती की लिलाव? मग तारीख बघा. पहिल्या पायरीवर एक साधा अर्ज भागतो. शेवटच्या पायरीवर वकील देऊनही कधीकधी भागत नाही. इंग्रजी वाचता येत नसेल तर सही करण्याआधी वाचून घ्या, आणि मिळालेल्या प्रतीवर मिळाल्याची तारीख टाकून ठेवा.